निद्रा, स्मृती आणि तंत्रिकापकर्ष

निद्रेत मेंदूमध्ये घडणाऱ्या क्रिया, त्यांचा स्मृती दृढ होण्याशी असलेला संबंध आणि निद्रेतील बिघाडाचे तंत्रिका कोशिकांच्या ऱ्हासाशी असलेले नाते यांचा एकत्रित विचार करणारी ही तंत्रिकाविज्ञानाची शाखा होय. तंत्रिका कोशिका हळूहळू निकामी होऊन नाश पावतात त्या क्रियेस ‘तंत्रिकापकर्ष’ असे म्हणतात. अल्झायमर रोग, कंपवात व त्यांच्या जवळचे काही रोग या वर्गात मोडतात. प्रौढ मेंदूतील बहुतेक तंत्रिका कोशिका एकदा नष्ट झाल्या की त्यांच्या जागी नवीन निर्माण होत नाहीत. त्यामुळे या रोगांत झालेली हानी भरून येत नाही आणि रोगाची पूर्वसूचना जितकी लवकर मिळेल तितके तिचे मोल अधिक असते. निद्रेच्या अभ्यासाला या क्षेत्रात जे महत्त्व आले आहे, ते मुख्यतः याच कारणामुळे.

विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत हे तीन विषय बरेचसे अलग होते. निद्रा हा शरीरक्रियावैज्ञानिकांचा, स्मृती हा मानसशास्त्रज्ञांचा आणि तंत्रिकापकर्ष हा विकृतिवैज्ञानिकांचा विषय मानला जाई. ते एकत्र आल्यावर जो प्रश्न पुढे आला तो असा : झोप बिघडल्यामुळे मेंदूचा अपकर्ष होतो, की अपकर्षाची सुरुवात झाल्यामुळे झोप बिघडते? दोन्ही दिशांना पुरावा आहे. पण तो सारख्याच प्रतीचा नाही. अपकर्षामुळे झोप बिघडते हे सूक्ष्मदर्शकाखाली दाखविता आले आहे. उलट दिशेचा पुरावा प्राण्यांवरील प्रयोगांचा, अल्पकालीन मानवी प्रयोगांचा आणि दीर्घकालीन पाहण्यांचा असून त्यातील प्रत्येकाला काही ना काही मर्यादा आहेत.

भारतीय परंपरेत चरकसंहितेने आहार व ब्रह्मचर्य यांच्या जोडीने निद्रेची गणना शरीराच्या तीन उपस्तंभांत केली आहे, तर पातंजल योगसूत्रांत चित्ताच्या पाच वृत्तींपैकी अखेरच्या दोन निद्रा आणि स्मृती या आहेत. निद्रा म्हणजे केवळ जागृतीचा अभाव नसून तीही चित्ताची एक वृत्ती आहे, ही कल्पना लक्षणीय आहे. कारण निद्रा ही निष्क्रिय अवस्था आहे असाच समज यूरोपीय शरीरक्रियाविज्ञानात विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत प्रबळ होता. मात्र या ग्रंथांचे प्रयोजन वेगळे असल्याने साम्याचा अर्थ यापेक्षा अधिक ताणणे योग्य नाही.

इतिहास : रशियन वैद्य मारिया मानासेइना यांनी १८९४ मध्ये कुत्र्याच्या पिल्लांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. संपूर्ण जागरण घडविलेली पिल्ले चार-पाच दिवसांत मरण पावली आणि त्यांच्या मेंदूत विकृती आढळली. जर्मन मनोविकारतज्ञ हान्स बेर्गर यांनी मानवी मेंदूतील विद्युत् तरंगांचे आलेखन १९२९ मध्ये प्रसिद्ध केले. त्यामुळे झोपलेल्या माणसाला न उठवता त्याच्या मेंदूची अवस्था जाणणे प्रथमच शक्य झाले. ॲल्फ्रेड ल्यूमिस व त्यांचे सहकारी यांनी १९३७ मध्ये या आलेखांवरून झोपेच्या पायऱ्या ठरविल्या. तत्पूर्वी व्हिएन्नाचे कॉन्स्टांटिन फोन एकोनोमो यांनी १९१७ पासून मस्तिष्कशोथाच्या एका साथीतील रुग्णांचे मेंदू तपासले होते. अतिनिद्रा झालेल्यांत अधोथॅलॅमसाचा मागील भाग आणि निद्रानाश झालेल्यांत त्याचा पुढील भाग बिघडलेला असतो, असे त्यांना दिसले. जागे ठेवणारी व झोपविणारी केंद्रे मेंदूत वेगवेगळी आहेत, हे त्यांचे अनुमान पुढे बरोबर ठरले.

या विषयाला नवे वळण लावणारा शोध मात्र एका पीएच्. डी.च्या विद्यार्थ्याच्या हातून लागला. शिकागो विद्यापीठात नाथानिएल क्लाइटमन यांच्या मार्गदर्शनाखाली काम करणारे यूजीन ॲसेरिन्स्की यांच्याकडे आधीची कोणतीही पदवी नव्हती. झोपी जाणाऱ्या अर्भकांच्या पापण्यांची हालचाल पाहण्याचे कंटाळवाणे काम त्यांच्या वाट्याला आले होते. १९५१ च्या अखेरीस त्यांनी तळघरात पडून असलेले एक जुने आलेखनयंत्र दुरुस्त केले आणि आपल्या आठ वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांजवळ विद्युत् अग्रे लावून रात्रभर आलेख घेतले. मुलगा गाढ झोपलेला असताना मध्येच यंत्राच्या लेखण्या जोराने हलू लागत. प्रथम त्यांना यंत्रातच दोष असावा असे वाटले. दोष नाही हे ठरल्यावर त्यांनी प्रौढांवर प्रयोग केले. डोळे हलत असताना २७ वेळा जागे करून विचारले असता २० वेळा स्वप्नाचे तपशीलवार वर्णन मिळाले. डोळे स्थिर असताना केलेल्या २३ विचारणांपैकी १९ वेळा काहीच आठवले नाही. निद्रेच्या शरीरक्रियाविज्ञानावरील त्या काळच्या प्रमाणग्रंथाचे कर्ते असलेले क्लाइटमन इतक्या सहजी पटवून घेणारे नव्हते. त्यांनी स्वतःच्या मुलीवर प्रयोग करून पाहिला, तेव्हा कोठे हे निष्कर्ष सप्टेंबर १९५३ मध्ये सायन्स या नियतकालिकात दोघांच्या नावे प्रसिद्ध झाले. झोपेच्या या प्रकाराला ‘शीघ्र नेत्रचलन निद्रा’ असे नाव मिळाले. ॲसेरिन्स्की स्वतः मात्र पदवी मिळताच हा विषय सोडून सामन माशांवरील विद्युत् प्रवाहाचा परिणाम अभ्यासण्यास निघून गेले आणि पुढील काम विल्यम डिमेंट व इतरांनी केले.

फ्रान्समधील लिआँ येथे मीशेल झूव्हे यांनी १९५९ मध्ये मांजरांच्या अभ्यासातून असे दाखविले की, या निद्रेत मेंदू जागेपणाइतकाच क्रियाशील असूनही मानेचे व धडाचे स्नायू पूर्णपणे शिथिल पडतात. त्यांनी तिला ‘विरोधाभासी निद्रा’ असे म्हटले. मस्तिष्क स्तंभातील विशिष्ट भाग नष्ट केल्यास ही शिथिलता येत नाही व मांजर झोपेतच उठून झडप घालणे, पाठलाग करणे अशा हालचाली करू लागते, हेही त्यांच्या प्रयोगशाळेत दिसून आले. या निरीक्षणाचा मानवी रोगाशी असलेला संबंध कळण्यास आणखी दोन दशके लागली.

निद्रेची रचना : प्रौढ माणसाची रात्रीची झोप सु. ९० मिनिटांच्या चार ते सहा आवर्तनांची बनलेली असते. प्रत्येक आवर्तनात प्रथम हलकी, मग गाढ झोप आणि अखेरीस शीघ्र नेत्रचलन निद्रा येते. गाढ झोपेत प्रमस्तिष्क बाह्यकातील लक्षावधी कोशिका एकाच वेळी उद्दीपित व एकाच वेळी शांत होतात. त्यामुळे आलेखावर उंच व सावकाश तरंग उमटतात, म्हणून तिला ‘मंदतरंग निद्रा’ असेही म्हणतात. थॅलॅमसात उगम पावणारे, सेकंदाला ११ ते १६ आवर्तने असलेले आणि चातीप्रमाणे मध्ये फुगीर व टोकांशी निमुळते दिसणारे तरंग हलक्या झोपेचे लक्षण होय. त्यांना येथे ‘तर्कू तरंग’ म्हटले आहे. गाढ झोप रात्रीच्या पूर्वार्धात अधिक, तर शीघ्र नेत्रचलन निद्रा उत्तररात्री अधिक असते. ही वाटणी पुढील प्रयोगांच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. गाढ झोपेचे प्रमाण मध्यम वयापासूनच घटू लागते.

झोप केव्हा यावी हे दोन क्रियांवर अवलंबून असते. एक म्हणजे जागेपणी साठत जाणारा झोपेचा दाब व दुसरी म्हणजे शरीरातील दैनिक घड्याळ. हे प्रतिमान १९८२ मध्ये आलेक्झांडर बोर्बेली यांनी मांडले. दाब वाढविणाऱ्या द्रव्यांपैकी ॲडिनोसीन हे प्रमुख होय. चहाकॉफीतील कॅफीन त्याच्या ग्राहींवर जाऊन बसते व दाब काही वेळ जाणवू देत नाही.

निद्रा व स्मृती : जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये निरर्थक शब्दांवयवांची पाठांतरे करून विस्मरणाचा वेग मोजला. हीच रीत वापरून कॉर्नेल विद्यापीठात जॉन जेंकिन्स व कार्ल डालेनबाख यांनी १९२४ मध्ये दोन विद्यार्थ्यांवर प्रयोग केले. पाठांतरानंतर झोप घेतल्यास तितकाच काळ जागे राहण्यापेक्षा पुष्कळच अधिक आठवते, असे त्यांना दिसले. त्यांनी याचे श्रेय झोपेला दिले नाही. झोपेत नवे अनुभव येत नसल्याने जुन्यांवर त्यांचे आक्रमण होत नाही, एवढाच अर्थ त्यांनी काढला. झोपेत स्मृतीवर प्रत्यक्ष काही संस्कार होतो हे सिद्ध करण्यासाठी मेंदूच्या आत पाहणे भाग होते.

त्यासाठी स्मृती मेंदूत कोठे असते हे कळणे आवश्यक होते. अपस्मारावरील उपाय म्हणून १९५३ मध्ये हेन्री मोलेसन या रुग्णाच्या मेंदूतील दोन्ही बाजूंच्या हिप्पोकँपसाचा बराच भाग काढून टाकण्यात आला. त्यानंतर त्याला नवी घटना लक्षात ठेवता येईना. जुन्या आठवणी मात्र बऱ्याचशा शाबूत राहिल्या. विल्यम स्कोव्हिल व ब्रेंडा मिल्नर यांनी १९५७ मध्ये हे वर्णन प्रसिद्ध केले. त्यावरून नवी स्मृती प्रथम हिप्पोकँपसाच्या आधाराने राहते व कालांतराने बाह्यकात स्थिरावते, असा सिद्धांत पुढे आला. हे स्थलांतर केव्हा होते याचे उत्तर मॅथ्यू विल्सन व ब्रूस मॅकनॉटन यांच्या १९९४ च्या प्रयोगाने सुचविले. उंदीर विशिष्ट जागी असताना हिप्पोकँपसातील विशिष्ट कोशिका उद्दीपित होतात. धावताना ज्या कोशिका एकत्र उद्दीपित झाल्या होत्या त्याच नंतरच्या मंदतरंग निद्रेतही एकत्र उद्दीपित होताना आढळल्या. म्हणजे दिवसाचा प्रवास मेंदू झोपेत पुन्हा करीत होता. ही उजळणी बाह्यकातील मंद तरंग, थॅलॅमसातील तर्कू तरंग आणि हिप्पोकँपसातील अतिशीघ्र लहरी यांच्या तालाशी जुळलेली असते, असे पुढे दिसून आले.

माणसावरील प्रयोगांत जर्मनीतील यान बॉर्न यांच्या गटाचे काम विशेष उल्लेखनीय आहे. रात्रीच्या पूर्वार्धातील झोपेने शब्दांच्या जोड्यांची स्मृती, तर उत्तरार्धातील झोपेने हस्तकौशल्याची स्मृती अधिक सुधारते, असे १९९७ मध्ये त्यांनी दाखविले. २००७ मधील एका प्रयोगात पत्त्यांच्या जागा पाठ करताना खोलीत गुलाबाचा वास सोडण्यात आला. तोच वास नंतर गाढ झोपेत पुन्हा दिला असता सकाळी पत्त्यांच्या जागा अधिक अचूक आठवल्या. जागेपणी किंवा शीघ्र नेत्रचलन निद्रेत वास देऊन हा लाभ झाला नाही.

याला पूरक, पण काहीसा विरुद्ध वाटणारा विचार जूल्यो तोनोनी व क्यारा चिरेल्ली यांनी २००३ पासून मांडला. दिवसभराच्या शिकण्याने कोशिकांमधील संधिस्थाने बळकट होत जातात. ती तशीच वाढत राहिली तर ऊर्जेचा व जागेचा खर्च परवडणार नाही, म्हणून झोपेत ती सरसकट सैल केली जातात आणि महत्त्वाची तेवढी टिकतात, असे त्यांचे म्हणणे आहे. उंदराच्या बाह्यकातील हजारो संधिस्थानांची मापे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने घेतली असता झोपेनंतर ती सरासरी सु. १८ टक्क्यांनी लहान झालेली आढळली (२०१७). म्हणजे झोपेचे काम आठवण्याइतकेच विसरण्याचेही असावे.

या क्षेत्रातील सर्वच दावे टिकलेले नाहीत. शीघ्र नेत्रचलन निद्रा स्मृतीला अत्यावश्यक आहे या मताविरुद्ध जेरोम सीगल प्रभृतींनी असा आक्षेप घेतला की, काही विषादरोधी औषधांनी ही निद्रा जवळजवळ नाहीशी होऊनही रुग्णांची स्मृती उघडपणे बिघडत नाही. डोक्यावरून सौम्य विद्युत् प्रवाह देऊन मंद तरंग वाढविल्यास स्मृती सुधारते, हा २००६ मधील निष्कर्षही पुढील सर्व प्रयोगांत आढळला नाही.

अल्झायमर रोग : या रोगात मेंदूच्या कोशिकांबाहेर ॲमिलॉइड-बीटा या प्रथिनाचे साके आणि कोशिकांच्या आत टाऊ या प्रथिनाचे गुंते आढळतात. ही साठवण विस्मरणाचे पहिले लक्षण दिसण्यापूर्वी पंधरा-वीस वर्षे सुरू झालेली असते. रात्री भटकणे, दिवसा पेंगणे व संध्याकाळी अस्वस्थ होणे ही लक्षणे रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्या कुटुंबीयांना चांगली परिचित आहेत. रुग्णाला घरी ठेवणे अशक्य होते ते पुष्कळदा विस्मरणामुळे नव्हे, तर रात्रीच्या या जागरणामुळे. या जागरणाचे एक कारण शवपरीक्षेत सापडले आहे. अधोथॅलॅमसाच्या पुढील भागात झोप टिकविणाऱ्या कोशिकांचा एक छोटा समूह आहे. तो जितका विरळ झालेला, तितकी रुग्णाची झोप तुटक असते. शिवाय मस्तिष्क स्तंभातील लोकस सेरुलियस या जागृतिकेंद्रात टाऊचे बदल फार लवकर, कित्येकदा तारुण्यातच, आढळतात.

उलट दिशेचा पुरावा २००९ मध्ये पुढे आला. अमेरिकेतील सेंट लूइस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात डेव्हिड होल्टझमन यांच्या प्रयोगशाळेत जिवंत मूषकांच्या मेंदूतील द्रव सतत तपासण्यात आला. ॲमिलॉइड-बीटाची पातळी जागेपणी वाढते व झोपेत उतरते असे आढळले. तीन आठवडे झोप कमी केल्यास साके वाढले, तर ओरेक्सीन या जागृतिकारक द्रव्याला रोखणारे औषध दिल्यास ते कमी झाले. निरोगी स्वयंसेवकांच्या मस्तिष्क-मेरुद्रवातही असाच चढउतार होतो. एका रात्रीच्या संपूर्ण जागरणाने या प्रथिनाचे उत्पादन सु. २५ ते ३० टक्क्यांनी वाढते (२०१८) आणि टाऊची पातळी त्याहूनही अधिक वाढते (२०१९), असे दाखविण्यात आले. कारण सरळ आहे : जागी कोशिका अधिक काम करते आणि ही प्रथिने कामाच्या प्रमाणात बाहेर पडतात. मात्र एका रात्रीची वाढ दुसऱ्या दिवशीच्या झोपेने निवळते. वर्षानुवर्षांच्या अपुऱ्या झोपेने तिचे रूपांतर कायमच्या साठवणीत होते किंवा नाही, हे अशा प्रयोगांतून ठरत नाही.

मेंदूची सफाई व तिच्याविषयीचा वाद : शरीराच्या इतर भागांतील टाकाऊ द्रव्ये लसीका वाहिन्यांतून वाहून जातात, मेंदूच्या ऊतकात अशा वाहिन्या नाहीत. मैकेन नेदरगार्ड व जेफ्री इलिफ यांनी २०१२ मध्ये असे प्रतिपादन केले की, मस्तिष्क-मेरुद्रव रोहिण्यांभोवतीच्या पोकळीतून मेंदूत शिरतो, ताराकार कोशिकांच्या पायांवरील ॲक्वापोरीन-४ या जलमार्गांतून आत पसरतो आणि टाकाऊ प्रथिने घेऊन नीलांभोवतीच्या पोकळीतून बाहेर पडतो. पुढील वर्षी याच गटाने मूषकांवरील आणखी एक प्रयोग प्रसिद्ध केला. कोशिकांमधील जागा जागेपणी मेंदूच्या घनफळाच्या सु. १४ टक्के, तर झोपेत सु. २३ टक्के असते आणि ॲमिलॉइड-बीटा झोपेत दुप्पट वेगाने धुतले जाते, असे त्यात आढळले. झोपेत मेंदू धुऊन निघतो ही कल्पना मनाला पटणारी असल्याने ती वर्तमानपत्रांतून सर्वदूर पोचली. २०१९ मध्ये बॉस्टन येथे झोपलेल्या माणसांच्या मेंदूत मंद तरंगांच्या मागोमाग मस्तिष्क-मेरुद्रवाच्या लाटा येताना चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमांत दिसल्या, त्यामुळे तिला आणखी बळ मिळाले.

तथापि २०२४ मध्ये लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधील निकोलस फ्रँक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी मूषकांच्या मेंदूत रंगद्रव्य सोडून ते किती वेगाने नाहीसे होते हे मोजले. झोपेत हा वेग सु. ३० टक्क्यांनी व शुद्धिहरणात सु. ५० टक्क्यांनी घटतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. म्हणजे आधीच्या मताच्या नेमके उलट. द्रव्य कोठे सोडले, कोणत्या आकाराच्या रेणूचे सोडले, मापन कसे केले यांवर दोन्ही पक्षांचा वाद चालू आहे. नेदरगार्ड यांच्या गटाने २०२५ मध्ये गाढ झोपेत नॉरॲड्रेनॅलीन या द्रव्याच्या मंद चढउतारांमुळे रक्तवाहिन्या आकुंचन-प्रसरण पावतात व हा प्रवाह ढकलला जातो, असे दाखवून आपली बाजू पुढे मांडली. झॉल्पिडेम हे निद्राकारक औषध दिल्यास झोप येते, पण हे चढउतार मंदावतात, असेही त्यांना मूषकांत आढळले. औषधाने आणलेली झोप व नैसर्गिक झोप यांना एकच मानू नये, असा इशारा या निष्कर्षात आहे.

लोकसंख्येतील पाहण्या : ब्रिटिश शासकीय कर्मचाऱ्यांच्या, १९८५ मध्ये सुरू झालेल्या ‘व्हाइटहॉल दोन’ या पाहणीतील ७,९५९ व्यक्तींची माहिती २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. सु. २५ वर्षांत त्यांपैकी ५२१ जणांना बुद्धिभ्रंश झाला. वयाच्या पन्नाशीपासून सत्तरीपर्यंत सातत्याने सहा तास किंवा त्याहून कमी झोपणाऱ्यांत तो सात तास झोपणाऱ्यांपेक्षा सु. ३० टक्क्यांनी अधिक आढळला. काळ दीर्घ असल्याने ही पाहणी मौलिक आहे. पण झोपेचे तास बहुतांशी लोकांनी स्वतः सांगितलेले आहेत व कमी झोपण्याची कारणे अनेक असतात. बुद्धिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांची यादी करणाऱ्या लॅन्सेट आयोगाने २०२४ मध्ये चौदा कारणे दिली, त्यांत बहिरेपणा, उच्च रक्तदाब, धूम्रपान आदींचा समावेश आहे, झोपेचा नाही.

कंपवात व झोपेतील हालचाली : अपकर्षाची पूर्वसूचना झोपेतून मिळते याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण कंपवाताचे आहे. अमेरिकेतील मिनीॲपोलिस येथील कार्लोस शेंक व मार्क महोवाल्ड यांनी १९८६ मध्ये झोपेत ओरडणारे, ठोसे मारणारे, पलंगावरून उडी घेणारे काही वयस्क रुग्ण वर्णिले. शीघ्र नेत्रचलन निद्रेत स्नायूंना येणारी शिथिलता त्यांच्यात नाहीशी झालेली असल्याने ते स्वप्न प्रत्यक्ष कृतीत उतरवीत होते. झूव्हे यांच्या मांजरांत दिसलेला बिघाड तो हाच. यांपैकी पुष्कळांची तक्रार प्रथम त्यांच्या पत्नीने आणलेली असते, कारण स्वतः रुग्णाला सकाळी काही जाणवतच नाही. २९ पुरुष रुग्णांपैकी ३८ टक्क्यांना काही वर्षांतच कंपवाताची लक्षणे दिसली, असे याच गटाने १९९६ मध्ये कळविले. २०१३ पर्यंत त्या गटातील ८१ टक्के रुग्णांना कंपवात किंवा त्याच वर्गातील रोग झाला होता. निरनिराळ्या देशांतील २४ केंद्रांतील १,२८० रुग्णांच्या २०१९ मधील अभ्यासात दरवर्षी ६·३ टक्के व बारा वर्षांत सु. ७३ टक्के असे प्रमाण आढळले. या रोगांत साठणारे आल्फा-सिन्यूक्लीन हे प्रथिन प्रथम मस्तिष्क स्तंभाच्या खालच्या भागात दिसते व नंतर वर सरकते, हे हाइको ब्राक यांचे २००३ चे प्रतिपादन या घटनाक्रमाशी जुळते. निद्रेचे केंद्र आधी बाधित होते, हालचालींचे मागून [→ कंपवात].

घातक कौटुंबिक निद्रानाश : हा अतिशय विरळा आनुवंशिक रोग इटलीतील बोलोन्याचे एल्यो लुगारेसी व त्यांचे सहकारी यांनी १९८६ मध्ये वर्णिला. मध्यम वयात झोप हळूहळू पूर्णपणे जाते, घाम, ताप, रक्तदाब यांवरील नियंत्रण सुटते आणि सामान्यतः वर्ष-दीड वर्षात मृत्यू येतो. शवपरीक्षेत थॅलॅमसाचा काही भाग जवळजवळ नष्ट झालेला आढळतो. प्रायॉन प्रथिनाच्या जीनमधील उत्परिवर्तन हे याचे कारण होय, असे १९९२ मध्ये सिद्ध झाले. निद्रानाशाने मृत्यू येतो याचे उदाहरण म्हणून हा रोग नेहमी सांगितला जातो; ते बरोबर नाही. येथे निद्रानाश व मृत्यू हे दोन्ही अपकर्षाचे परिणाम आहेत.

भारतातील संशोधन : नवी दिल्ली येथील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत वेलायुधन मोहन कुमार यांनी अधोथॅलॅमसाच्या पुढील भागाचे निद्रा व शरीराचे तापमान या दोहोंच्या नियमनातील कार्य दीर्घकाळ अभ्यासले. जवाहरलाल नेहरू विद्यापीठात बीरेंद्रनाथ मल्लिक व त्यांच्या विद्यार्थ्यांनी शीघ्र नेत्रचलन निद्रेपासून वंचित ठेवलेल्या उंदरांच्या मेंदूत नॉरॲड्रेनॅलिनाचे प्रमाण व त्यामुळे सोडियम-पोटॅशियम पंप या एंझाइमाची क्रिया वाढते, असे दाखविले. हे वंचन लांबल्यास तंत्रिका कोशिकांत ऱ्हासाची चिन्हे दिसतात, असेही या प्रयोगशाळेला आढळले. बंगळूर येथील राष्ट्रीय मानसिक आरोग्य व तंत्रिकाविज्ञान संस्थेतही मानवी निद्रेच्या अभ्यासाची सोय आहे.

संशोधनपद्धती व अडचणी : या विषयातील बरेचसे मूळ काम पीएच्. डी.च्या विद्यार्थ्यांनी रात्री जागून केलेले आहे. झोप अभ्यासणाऱ्याला स्वतःच्या झोपेवर पाणी सोडावे लागते, हा त्यातील विनोद जुनाच आहे. मानवी प्रयोगात मेंदू, डोळे व हनुवटीचा स्नायू यांचे आलेख रात्रभर घेऊन दर तीस सेकंदांच्या तुकड्याला अवस्था ठरवून द्यावी लागते. हे काम आता बऱ्याच अंशी संगणक करतो. पण त्याने केलेले वर्गीकरण माणसाने तपासावे लागते.

प्राण्यांवरील प्रयोगांत सर्वांत मोठी अडचण ताणाची आहे. पाण्यात ठेवलेल्या लहानशा चौथऱ्यावर उंदराला बसविले की, शीघ्र नेत्रचलन निद्रा येताच स्नायू सैल पडून तो पाण्यात पडतो व जागा होतो. त्याची झोप तर जातेच, पण थंडी, भीती व एकाकीपणा हेही त्याला सोसावे लागतात. मग मेंदूत दिसलेला बदल झोप गेल्याचा की भीतीचा, हे सांगणे कठीण होते. मोठ्या चौथऱ्यावरील उंदीर तुलनेसाठी ठेवून ही अडचण काही प्रमाणात टाळली जाते. शिकागोचे ॲलन रेख्टशाफेन यांच्या १९८० नंतरच्या दशकातील प्रयोगांत संपूर्ण जागरण घडविलेले उंदीर दोन-तीन आठवड्यांत मरण पावले. मात्र मृत्यूचे नेमके कारण त्यांच्या मेंदूत सापडले नाही.

दुसरी अडचण काळाची आहे. प्रबंधासाठी मिळणारी वर्षे चार-पाच आणि रोगाचा प्रवास वीस-पंचवीस वर्षांचा. त्यामुळे विद्यार्थ्याला तीन मार्ग उरतात : अल्पायुषी प्राण्यात रोग जनुकीय उपायाने घाईने घडवून आणणे, माणसात रोगाऐवजी प्रथिनांच्या पातळीसारखे दर्शक मोजणे किंवा इतरांनी आयुष्यभर चालविलेल्या पाहणीतील माहिती वापरणे. पहिल्यात उंदराचा रोग माणसाच्या रोगासारखा नसतो, दुसऱ्यात दर्शक म्हणजे रोग नव्हे आणि तिसऱ्यात झोपेविषयी विचारलेले प्रश्न तीस वर्षांपूर्वीच्या समजुतीप्रमाणे असतात. वर उल्लेखिलेले मतभेद पुष्कळ अंशी या मार्गांच्या भिन्नतेतून उद्‌भवलेले आहेत.

उपचार : झोपेत श्वास वारंवार अडण्याच्या विकारात मुखवट्यातून दाबाने हवा दिल्यास झोप सुधारते. तिचा बुद्धिभ्रंश टाळण्यास उपयोग होतो किंवा कसे, याचा निर्णायक पुरावा नाही. ओरेक्सीन रोखणाऱ्या सुव्होरेक्झंट या औषधाला अमेरिकेत २०१४ मध्ये निद्रानाशावर मान्यता मिळाली. दोन रात्री हे औषध दिल्यास मस्तिष्क-मेरुद्रवातील ॲमिलॉइड-बीटा सु. १० ते २० टक्क्यांनी उतरते, असे २०२३ मध्ये आढळले; रोग टळतो असे त्यावरून म्हणता येत नाही. मंद तरंगांच्या तालावर मंद ध्वनी ऐकवून गाढ झोप वाढविण्याचे प्रयोग २०१३ पासून चालू आहेत.

झोपेत स्वप्ने कृतीत उतरविणाऱ्या रुग्णांना मेलॅटोनीन किंवा क्लोनाझेपाम देतात आणि पलंगाजवळील टोकदार वस्तू हलवून जमिनीवर गादी अंथरण्यास सांगतात. या उपायांनी दुखापती टळतात. अपकर्ष थांबत नाही. तो थांबविणारे औषध शोधण्यासाठी मात्र हेच रुग्ण सर्वांत योग्य ठरतात, कारण त्यांच्यात रोग सुरू झालेला असूनही हातपाय अद्याप धड असतात. त्यांना भावी रोगाची शक्यता सांगावी की नाही, सांगावी तर केव्हा व किती, याविषयी तज्ञांत एकमत नाही. बरेच चिकित्सक प्रथम रुग्णाला त्याची जाणून घेण्याची इच्छा आहे काय, हे विचारतात व मगच पुढील माहिती देतात.